खुंटीवरचा मृदंग



गौरी-गणपती झाले. मूग-उडदाची रास घरात आली, सोयाबीन अजून रानात उभं आहे. अशा मधल्या दिवसांत माणसाला जरा उसंत मिळते आणि आमच्याकडं पत्रं जास्त येतात. या खेपेच्या पत्रांतलं एक मी बाजूला काढून ठेवलं होतं. आज त्याच्याबद्दलच बोलू.

पत्र एका माउलीचं आहे. मुलगा सहावीत. गावच्या सप्ताहात तबला ऐकला आणि त्यानं हट्ट धरला, मला तबला पाहिजे. घरात रोकड नव्हती. दोन शेळ्या विकल्या आणि तबला-डग्ग्याची जोडी आणली. दर रविवारी पोरगा एस.टी.नं तालुक्याला शिकायला जातो. पहिले दोन महिने त्यानं घर डोक्यावर घेतलं. ताटावर, पाटावर, दप्तरावर, जिथं तिथं थाप. आता तीन आठवडे झाले, जोडीवरचं फडकं निघालेलं नाही. आईनं फारच म्हटलं तर बसतो, दोन थापा मारतो आणि उठतो. वडील म्हणतात, "दिवाळीपर्यंत वाट बघतो. नाही तर जोडी विकून शेळ्या परत आणतो." पत्राच्या शेवटी माउलीनं विचारलंय, "पोरगं आळशी निघालं, का आमचंच काही चुकतंय, तेवढं सांगा."

ताई, तुमचा प्रश्न वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. कारण त्याचं उत्तर माझ्या घरात पुष्कळ वर्षं खुंटीला टांगलेलं होतं. ते आधी सांगतो, मग तुमच्या पोराकडं वळतो.

मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. थोरला मुलगा दहा वर्षांचा झाला तसा मी त्याला मृदंगावर बसवला. हात चांगला होता. मंडळातल्या एका म्हाताऱ्या मृदंग्यानं त्याला सुरुवात करून दिली. वर्ष-दीड वर्षात तो साधा ठेका धरायला लागला. एका एकादशीला देऊळ भरलेलं होतं. अभंग रंगात आला, लय वाढली आणि पोराचा ठेका सुटला. मी पेटी थांबवली आणि सगळ्या गावादेखत म्हणालो, "घरी हात लावायचा नाही आणि इथं येऊन अब्रू घालवायची! ऊठ तिथनं!"

पोरगं उठलं. दुसऱ्यानं मृदंग पुढं ओढला, भजन चालू झालं. ते देवळाच्या पायरीवर जाऊन बसलं. घरी आल्यावर त्यानं मृदंगाला गवसणी घातली आणि खुंटीला अडकवला. त्या दिवसापासून त्याला हात लावला नाही. मी रागावलो, समजावलं, नवी पुडी चढवून आणतो म्हणालो. काही उपयोग झाला नाही.

आज तो चाळिशीच्या पुढं आहे. शेती माझ्यापेक्षा चांगली करतो. देवळात येतो, पण टाळ घेऊन मागच्या ओळीत बसतो. काही वर्षांपूर्वी रात्री ऊसाला पाणी धरायला आम्ही दोघंच रानात होतो. मी विचारलं, "का रे सोडलास?" तो म्हणाला, "आण्णा, मला दुगुन धरताच येत नव्हती. घरी बसलो की तिथंच अडायचं. कसं सोडवायचं ते कळत नव्हतं. तुम्ही नुसतं 'वाजव' म्हणायचा."

तुम्ही नुसतं 'वाजव' म्हणायचा. ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. रियाज टाळणारं पोरगं बहुतेक वेळा आळशी नसतं. ते कुठंतरी अडलेलं असतं, आणि त्या अडलेल्या जागी एकटं असतं. आपल्याला त्याचं उठणं दिसतं, अडणं दिसत नाही.

नुसतं 'वाजव' म्हणू नका

गड्याला आपण नुसतं "रानात जा आणि काम कर" म्हणतो का? कोणत्या पट्टीत जायचं, खुरपायचं का पाणी धरायचं, किती सऱ्या उरकायच्या, सगळं सांगतो. मग अकरा वर्षांच्या लेकराला "बस आणि वाजव" एवढंच सांगून कसं चालेल?

पहिले दोन महिने पोरगं का रमलं होतं? कारण रोज काहीतरी नवं येत होतं. ना, ता, धिं, धा असे सुटे बोल हातात बसत होते. मग त्रिताल आला असेल. सोळा मात्रा, धा धिं धिं धा पासून सुरू होणारा. तो संथ वाजला. मग गुरुजींनी दुगुन मागितली, नाही तर तिरकिट सारखा बोल दिला. तिरकिट म्हणायला चार अक्षरं, पण त्यात हात आणि बोटं भराभर बदलतात. नवशिक्याचा घोडा इथंच अडतो. दोन महिने धावणारं पोरगं एकदम थांबतं. त्याला वाटतं, आपल्याला हे जमणारच नाही. आपल्याला वाटतं, हौस फिटली.

म्हणून पुढच्या रविवारी त्याच्याबरोबर घरातलं कुणीतरी जा. गुरुजींना एकच विचारा, "या आठवड्यात घरी नेमकं काय करून घ्यायचं?" ते वहीत लिहून घ्या. बोल, तो किती संथ वाजवायचा, कोणतं बोट कुठं पडलं पाहिजे. गुरुजींची हरकत नसेल तर त्यांनी वाजवून दाखवलेलं मोबाईलवर भरून आणा. सोमवारी पोराला आठवत नसतं, आणि शनिवारपर्यंत चुकीचाच हात पक्का होतो. मुळात चुकीचा बसलेला हात सुधारणं नव्यानं शिकण्यापेक्षा अवघड.

दुसरी गोष्ट. मुलं रियाजाला बसली की पहिल्यापासून वाजवत सुटतात. जे येतं ते झकास वाजतं, अडलेल्या जागी घसरतात, की पुन्हा पहिल्यापासून. यात येणारा भाग शंभरदा होतो आणि न येणारा तसाच राहतो. हे म्हणजे स्वच्छ वाफे रोज खुरपायचे आणि हरळीच्या वाफ्याकडं पाठ करायची. अडलेली जागा तेवढी वेगळी काढा. दोन-चार बोलांचाच तुकडा. तो इतका संथ घ्या की चूक होणारच नाही. भरलेली घागर डोक्यावर घेऊन बाई चालते त्या चालीनं.

यासाठी घरात एक सोपी युक्ती करता येते. दहा चिंचोके पोराच्या उजव्या बाजूला ठेवा. तो तुकडा एकदा स्वच्छ वाजला की एक चिंचोका डावीकडं. चुकला तर सरकवायचा नाही, चिडायचंही नाही, लय आणखी कमी करायची. दहाही चिंचोके डावीकडं गेले की उठायचं. "अर्धा तास बस" म्हटलं की पोरगं घड्याळाकडं बघतं. दहा चिंचोके म्हटले की हाताकडं बघतं.

पेटी शिकणाऱ्या मुलांनाही हेच लागू. सारेग, रेगम, गमप असा एकच पलटा घ्यावा. बोटं ओळीनं पडतात का, अंगठा खालून सरळ जातो का, भात्याला झटका बसतो का, एवढंच बघावं. आणि वाजवताना तोंडानं स्वर म्हणायला लावावा. तोंडानं म्हणणारं पोरगं चुकीच्या पट्टीवर बोट पडलं की स्वतःच ओळखतं.

थोडं, पण रोज

आठवडाभर हात लावायचा नाही आणि शनिवारी रात्री दोन तास ठोकायचं, याला रियाज म्हणत नाहीत. महिन्याचं पाणी एका दिवशी पाटानं सोडलं तर पीक पिवळं पडतं. ठिबकनं रोज थेंब थेंब दिलं तर मुळं धरतात. हाताचंही तसंच. आज ज्या बोलाशी झटलो, तो रात्रीच्या झोपेत डोक्यात मुरतो आणि सकाळी हात थोडा मोकळा चालतो. हाताच्या कसबावर झोपेचा असा परिणाम होतो हे आता शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिलं आहे. म्हणून रोजची एक झोप मध्ये पडली पाहिजे. एका दिवसात आठवड्याचा रियाज उरकता येत नाही तो यामुळं.

सहावीतल्या पोराला सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. त्याहून लहान असेल तर एकच वेळ पुरे. पण वेळ ठरलेली हवी. घड्याळाचे काटे खेड्यात चुकतात, कामं चुकत नाहीत. म्हणून रियाज एखाद्या कामाला बांधा. डेअरीला दूध घालून आलं की बसायचं. संध्याकाळी दिवा लागला की बसायचं. मग रोज "बसतोस का?" असं विचारावं लागत नाही. रोज विचारलं की रोज नकार द्यायची सोय होते.

सुगीचे दिवस येतील. सोयाबीन मळायचं असेल, रात्री-अपरात्री वीज येईल, पाहुणे येतील. त्या दिवशी पाच मिनिटं वाजवू दे, पण खाडा पडू देऊ नका. एक खाडा दुसऱ्याला बोलावतो.

आणि वाद्याला हात न लावताही रियाज होतो हे पुष्कळांना माहीत नसतं. ताल हातावर धरून बोल तोंडानं म्हणायचे, याला पढंत म्हणतात. शाळेच्या वाटेवर, गुरं राखताना, मोटारसायकलवर वडिलांच्या मागं बसून, कुठंही करता येते. जो बोल जिभेवर स्वच्छ बसला, तो हातात यायला वेळ लागत नाही. तबलानवाज झाकीर हुसेन (१९५१–२०२४) लहानपणची आठवण सांगत. वडील अल्लारखाँ त्यांना पहाटे तीनला उठवीत, समोर बसवीत आणि बोल तोंडानं म्हणून घेत. तबला बाजूलाच. उजाडेपर्यंत नुसती पढंत चाले.

ही गोष्ट ऐकून उद्या पहाटे तीनला लेकराला हलवू नका! ते घर वेगळं, ते वडील वेगळे. त्यातलं घ्यायचं ते एवढंच की बाप पोराला उठवून पुन्हा झोपायला गेला नाही. तो समोर बसला.

ऐकणारं माणूस

आता तुम्ही म्हणाल, "आम्हाला कुठं तबल्यातलं कळतं?" कळायची गरज नाही. तुम्ही ओसरीवर जोंधळा निवडत बसा, भाजी चिरत बसा, पण पोराच्या जवळ बसा. आपलं कुणीतरी ऐकतंय, एवढ्यानंच मूल दहा मिनिटं जास्त बसतं. आतल्या खोलीत दार लावून एकट्यानं रियाज करणं मोठ्या माणसांनाही जड जातं. आपण पोरांना मात्र ते पहिल्या दिवसापासून करायला लावतो.

ऐकताना काय बोलायचं, हेही सांगतो. "वा, माझा वाघ!" असलं मोघम कौतुक पोरांना लगेच ओळखू येतं. त्यापेक्षा जे ऐकलं ते सांगा. "काल मध्ये थांबत होतास, आज सलग आलं." "आज डग्गा छान घुमला." यातून त्याला कळतं की आपल्या कष्टानं फरक पडला. "याच्या रक्तातच आहे" असंही म्हणू नका. रक्तातच असेल तर मग रियाज कशाला, असं पोरगं म्हणेल. आणि एक दिवस चुकलं की त्याला वाटेल, आपल्या रक्तातच नाही.

मोबाईलचा आणखी एक उपयोग सांगतो. आज त्याचं वाजवणं भरून ठेवा. दीड महिन्यानं पुन्हा भरा आणि दोन्ही त्यालाच ऐकवा. रोज बघणाऱ्याला पिकाची वाढ दिसत नाही. पंधरा दिवसांनी पाहुणा आला की तो म्हणतो, केवढं वाढलं! पोराला स्वतःची वाढ अशी एकदा ऐकू आली की तुमच्या दहा उपदेशांचं काम होतं.

काय करू नये, तेही लिहितो. चुलत्याच्या पोराशी तुलना करू नका. "एवढ्या शेळ्या विकल्या तुझ्यासाठी" हे रोज ऐकवू नका. ताई, तुम्ही ते मायेनं म्हणत असाल, पण लेकराच्या छातीवर ते ओझं होतं, आणि जोडी दिसली की त्याला शेळ्याच आठवतात. रोजच्या रियाजाला पाच-दहा रुपये लावू नका. पैसे थांबले की रियाज थांबतो. आणि रियाज कधी शिक्षा म्हणून देऊ नका. "भांडलास ना? आता बस तबल्यावर!" असं झालं की तबला आणि मार एकाच गावचे होतात.

ठरलेलं काम झालं की शेवटची पाच मिनिटं त्याची त्याला द्या. सिनेमाचं गाणं वाजवू दे, डी.जे.चा ठेका वाजवू दे, तोंड वाकडं करू नका. हौस म्हणून जी पाच मिनिटं वाजवतं, त्यावर उद्याची पंधरा मिनिटं निघतात.

वाद्य कुरकुरत नाही ना?

पुष्कळदा दोष पोराचा नसतो, वाद्याचा असतो. पावसाळ्यात हवेतल्या ओलीनं कातडं सैल पडतं आणि तबला उतरतो. गुरुजींकडचा तबला टणटणतो आणि घरचा भद भद वाजतो. पोरगं कितीही नीट वाजवो, कानाला गोड लागत नाही आणि मन उडतं. तुमच्या पोरानं नेमकं पावसाळ्यात बसणं सोडलंय, म्हणून आधी हे तपासा. गठ्ठे ठोकून आणि गजऱ्यावर हातोडी मारून तबला सुरात आणता येतो. पण ते काम जाणत्याकडून करून घ्या. मंडळातलं कुणी नाही तर गुरुजीच दहा मिनिटांत करून देतील. नवशिक्यानं हातोडी चालवली तर पुडी फाटते.

तबला आणि डग्गा खाली चुंबळीवर नीट बसला पाहिजे. हलत्या वाद्यावर हात बसत नाही. पोरगं लहान असेल तर त्याच्याखाली पोतं नाही तर घोंगडी घडी करून द्या, म्हणजे खांदे वर चढत नाहीत. जोडी चुलीच्या धगीजवळ नको, ओल धरलेल्या भिंतीलाही नको. घामेजल्या हाताला थोडी पावडर लावावी. शाईवर पाण्याचा हात पडू देऊ नये. मृदंगाच्या डाव्या तोंडाला वाजवताना कणीक लावतात, ती वाजवून झाल्यावर खरवडून पुसून काढावी. राहिली तर कातडं खराब होतं आणि उंदरांना आमंत्रण मिळतं. पेटीतही उंदीर शिरून भाता कुरतडतात. धान्याच्या खोलीत पेटी ठेवू नये.

आणि वाद्याची ही निगा पोराच्याच हाती द्या. जी कालवड पोरगं स्वतः न्हाऊ-धुऊ घालतं, तिच्यावर त्याचा जीव बसतो. वाद्याचंही तसंच आहे.

वाजवायला जागा द्या

रियाज कशासाठी करायचा, हे पोराला दिसलं पाहिजे. "पुढं मोठा होशील" हे फार लांबचं आहे. "कार्तिकातल्या काकड्याला एक अभंग तू धरायचा" हे जवळचं आहे. आपल्या खेड्यांत अशा जागांना तोटा नाही. एकादशीचं भजन आहे, सप्ताह आहे, काकडा आहे, गणपतीची आरती आहे. शहरातल्या मुलांना वर्षातून एकदा शाळेचं संमेलन मिळतं. आपल्या मुलांना महिन्यातून दोन एकादशा मिळतात.

त्यासाठी मंडळातल्या वडीलधाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. पोराला आधी टाळ द्या, मग सोप्या ठेक्याचा, संथ चालीचा एक अभंग द्या. ठेका सुटला तर टाळकऱ्यांनी लय धरून ठेवावी, पोरगं पुन्हा येऊन मिळेल. पेटीवाल्यानं पेटी थांबवू नये. हे मी कोणत्या तोंडानं सांगतोय ते तुम्हाला कळलंच असेल.

परीक्षांचाही उपयोग होतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ १९३१ साली स्थापन झालं. त्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत. परीक्षेमुळं वर्षाचा अभ्यास ठरतो आणि तारीख ठरते. पण परीक्षा ही वाटेवरची पाटी आहे, मुक्काम नाही. नापास झालं म्हणून तबला बंद, असं करू नका.

"आपल्याला काय करायचंय?"

काही घरांत आजही बोललं जातं, "आपलं काम नांगर धरायचं. गाणं-बजावणं करून खायचं काय?" त्यांना मी एक आठवण देतो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या तंबोऱ्याचा भोपळा येतो कुठून? पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतकऱ्यांच्या रानातून. तो महिनोन्‌महिने वाळवतात, मग त्याचा तंबोरा होतो. मृदंगाला कणीक आपल्याच गव्हाची लागते. वाद्य आपल्या शिवारातूनच जातं, मग आपल्या लेकरांनी त्याच्यापासून लांब का राहायचं?

विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. फटाक्याच्या अपघातानं लहानपणी त्यांची दृष्टी अधू झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडं ते शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. गाणं कुण्या एका घराच्या उंबऱ्याआड न राहता सामान्यांच्या मुलांनाही शिकता यावं, हा त्यांचा ध्यास होता. आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथून खेड्यापाड्यांत कीर्तनकार गेले, मृदंग घुमायला लागले. ही वाट शंभर वर्षांपूर्वीच मोकळी झाली आहे.

आणि मुलींचं काय? "पोरीच्या जातीला मृदंग कशाला?" हे वाक्य आता सोडून द्या. गावोगावी बायकांची भजनी मंडळं उभी आहेत. त्यांना पेटी आणि मृदंग वाजवायला दर वेळी पुरुष शोधावा लागतो, तो कशासाठी?

पोटासाठी सगळ्यांनी वाजवावं असं मी म्हणत नाही. पण अवघड गोष्ट तुकडे करून, रोज थोडी, न चिडता सोडवायची, हे ज्या पोराला अकराव्या वर्षी तबल्यावर कळलं, ते पुढं गणितात आणि शेतात कुठंही अडून बसणार नाही.

सोडायचंच असेल तर

सगळं करूनही पोराचं मन नसेल तर? तेही होतं. कुणाचा कल पेटीकडं असतो, कुणाचा बासरीकडं, कुणाचा कुस्तीकडं. पण अडलेल्या दिवशी निर्णय घेऊ नका. पोराशी बोलून एक मुदत ठरवा. "या तारखेपर्यंत रोज ठरलेलं काम करायचं, मग तू सांगशील तसं." मुदतीनंतरही तो नको म्हणाला, तर न टोमणता ऐका. वाद्य बदलून बघा, नाही तर सोडू द्या. मानानं सोडलेलं वाद्य माणूस मोठेपणी पुन्हा हातात घेतो. अपमानानं सुटलेलं घेत नाही.

तेव्हा ताई, तुमच्या मालकांना माझा रामराम सांगा आणि म्हणावं, दिवाळीची मुदत ठेवा, पण विकायची नको, शिकायची ठेवा. येत्या रविवारी ते स्वतः पोराबरोबर जाऊ देत. तबला सुरात लावून आणा. अडलेला एक तुकडा वहीत लिहून आणा. मग दहा चिंचोके आणि रोज दिवेलागणीला ओसरीवर एक माणूस, कधी तुम्ही, कधी ते. दिवाळीला पोराला घरच्या घरी एक आरती धरू द्या. पोरगं आळशी नाही आणि तुम्हीही वाईट नाही. अडलेली जागा तेवढी शोधायची राहिली आहे.

जाता जाता माझ्या घरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी मृदंग खुंटीवरून काढला. पुडी फाटलेली, वादी उंदरांनी कुरतडलेली. दुरुस्त करून आणला. आता नात शिकते, नववं वर्ष आहे तिचं. रोज संध्याकाळी ती वाजवते आणि तिचा बाप, माझा थोरला, समोर बसून चिंचोके सरकवतो. मृदंगाला त्यानं अजून हात लावलेला नाही. पण परवा मी बघितलं, नात ठेका धरत होती आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर तोच ठेका वाजवत होती. मी काही बोललो नाही. तिथंच बसून ऐकत राहिलो.

ताई, दिवाळीनंतर पत्र टाका. आणि तुमच्या घरी कुणी शिकत असेल तर, वाचकहो, तुम्हीही लिहा, पोरगं कुठं अडलंय ते.